नंबरताईचा होकार

१

नंबरताईच्या पगाराचा तिसरा हिस्सा चोरीला गेला, आणि तोही भरदिवसा, पगारकारकुनाच्या खिडकीतून, शिक्कामोर्तब होऊन.

कारखाना चष्म्याच्या भिंगांचा. घासायला माणसं होती, चकाकी आणायला यंत्रं होती. तयार झालेलं भिंग उजेडासमोर धरायचं, नंबर बरोबर आहे का, कुठे चरा तर उठला नाही ना, ते बघायचं आणि मगच पुढे सोडायचं, हे काम तिचं. म्हणून ती नंबरताई. तिचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं.

"कमी आहेत हे," ती खिडकीतून म्हणाली.

पगारकारकून भला माणूस. भल्या माणसांना वाईट बातमी सांगता येत नाही, म्हणून तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसला. "ताई, कोर्टाचा हुकूम आलाय. तुमच्या पगारावर जप्ती आहे. दर महिन्याला एवढं कापून परस्पर एका कर्जवाल्या कंपनीला पाठवायचं. माझ्या हातात काही नाही हो."

"कसली जप्ती? कुणाचं दमडीचं देणं नाही माझ्यावर."

"तुमचं नाही. तुमच्या… आधीच्या मिस्टरांचं. कर्ज काढलं आणि बुडवून बसले. जामीन तुम्ही आहात."

आधीचे मिस्टर म्हणजे फोटोवाला. चौकात त्याचा फोटो स्टुडिओ होता. माणूस बोलण्यात गोड, वागण्यात वाऱ्यावरची वरात. सोळा वर्षं संसार केला तिने त्याच्याबरोबर, मग तो दुसरीकडे राहायला गेला, आणि वर्षभराने रीतसर घटस्फोट झाला. हे कर्ज त्या मधल्या वर्षातलं. नोटिसा सगळ्या स्टुडिओच्या पत्त्यावर गेल्या होत्या, आणि स्टुडिओला कधीच कुलूप लागलं होतं.

"मी कुठेही सही केलेली नाही," नंबरताई म्हणाली.

"मीपण तेच म्हटलं त्यांना. म्हटलं, आमच्या ताई असल्या भानगडीत पडायच्या नाहीत." कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. "तर ते म्हणाले, सहीचं सोडा. बाईंनी फोनवर स्वतः होकार दिलाय. त्यांच्याकडे तुमचा आवाज आहे."

२

कामगार संघटनेची वकीलबाई साठीला आलेली होती आणि डाव्या कानाने ठार बहिरी. उजव्या कानात यंत्र. तिच्याशी बोलणाऱ्याला उजवीकडेच बसावं लागे. "एकच कान आहे," ती म्हणायची, "त्यामुळे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची सोय नाही."

तिने नंबरताईला तासभर बोलू दिलं. मध्ये एक शब्द नाही. शेवटी म्हणाली, "हरकत घ्यायला महिनाभर मुदत असते. हरकत घेऊ. पण आधी तो आवाज ऐकू."

कर्ज देणाऱ्या कंपनीची कचेरी काचेची होती आणि आत एवढी थंडी की नंबरताईने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. तिथल्या साहेबाने संगणकाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "शनिवारी दुपारचा कॉल आहे. ऐका."

कंपनीच्या मुलीचा पाठ केलेला आवाज आला. मग दुसरा आवाज आला, आणि नंबरताईच्या अंगावर काटा उभा राहिला.

"थांबा हं, जरा दार लावते. हं, बोला. काय सांगू बाई, दिवसभर भिंगं बघून डोळ्यांचं नुसतं पाणी होतं."

"मॅडम, तुमची जन्मतारीख?"

"थांबा हं…" मग जन्मतारीख. बरोबर.

"नोकरी?"

"चष्म्याच्या कारखान्यात. काय सांगू बाई, सगळ्या गावाला दिसावं म्हणून आम्ही आंधळ्या होतोय."

कंपनीची मुलगी हसली. "आणि लग्न कधी झालं तुमचं?"

"अकरा फेब्रुवारीला."

"तुमच्या मिस्टरांच्या कर्जाला तुम्ही जामीन राहायला तयार आहात?"

"थांबा हं. हो. तयार आहे की. घरचंच माणूस, काय सांगू बाई."

"धन्यवाद मॅडम."

"ठेवते हं, दूध ठेवलंय गॅसवर."

खट्. फोन बंद झाला. साहेबाने हात जोडल्यासारखे केले, जणू आता यावर बोलायचं काय राहिलंय?

वकीलबाईने पुन्हा लावायला सांगितलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा तिने यंत्रातला आवाज वाढवून डोळे मिटून घेतले.

नंबरताई लिफ्टने खाली आली. रस्त्यावर आल्यावर भिंतीला हात लावून उभी राहिली. "बाई, तो माझाच आवाज आहे हो."

"हं."

"मी फोनवर अशीच बोलते. दूध ठेवलंय, हेसुद्धा मीच म्हणते. पण हे मी बोललेले नाही. माझं डोकं फिरलंय का? मी बोलले आणि विसरले?"

वकीलबाईने तिचा दंड धरला. "काल माझ्यासमोर तासभर बोललात. त्या तासात 'काय सांगू बाई' दोनदा म्हणालात. ही बया तीन मिनिटांत तीनदा म्हणते. 'थांबा हं' तसंच. कुठलंच माणूस इतकं स्वतःसारखं बोलत नाही, ताई. ती तुमच्यापेक्षा जास्त तुम्ही आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तुमची नक्कल आहे. आणि करणारीने तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकलंय. मला आता सांगा, तुम्हाला इतकं जवळून ओळखणाऱ्या बायका किती?"

३

फोटोवाला आता दुसऱ्या बायकोच्या पार्लरच्या वर राहत होता. दार उघडल्यावर तो दचकला, पण क्षणभरच. लगेच तोंडावर हसू आलं. याच हसण्यावर कधीकाळी नंबरताईने जीव ओवाळून टाकला होता. आता ते तिला धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसलं.

"जामीन तीच राहिली," तो वकीलबाईला म्हणाला. "मी विनवलं, ती हो म्हणाली. आता कापाकापी सुरू झाल्यावर विसरली. बायकांची जात!"

"कर्ज का फेडलं नाही?"

"फेडणारच आहे! धंद्याला जरा वेळ द्यावा लागतो, मॅडम."

वकीलबाईने त्याला तिथेच सोडलं आणि ती खाली पार्लरमध्ये गेली. पार्लरवाली एका बाईच्या केसांना रंग लावत होती. तिने हातमोजे काढले नाहीत आणि बसाही म्हटलं नाही. नंबरताईला समोरासमोर ती पहिल्यांदाच बघत होती.

"मी कशाला कुणाचा आवाज काढू?" ती म्हणाली. आवाज जाड, जरा घोगरा. "ह्यांनी मलाही काही कमी नाही बुडवलं."

"तो कॉल शनिवारी दुपारी झाला होता."

"मग तर झालंच. शनिवारी मी ह्यांच्याकडे थांबत नसे. तेव्हा ह्यांची मुलगी यायची भेटायला. बापलेकींत आपण कशाला, म्हणून मीच जायची निघून."

नंबरताईला अचानक या बाईबद्दल बरं वाटलं. आपल्याला हे कधी माहीतच नव्हतं.

वकीलबाई निघता निघता थांबली. "एक विचारू? ह्यांचं पहिलं लग्न कधी झालं होतं, ठाऊक आहे?"

"न असून कसं चालेल? घटस्फोटाच्या निकालाची प्रत दाखवल्याशिवाय आमचं लग्नच लावेनात. चार ठिकाणी फिरवली ती मी. जून महिन्यातलं लग्न."

नंबरताईच्या कानशिलांवर रक्त चढलं. ती आधीच दाराबाहेर पडली.

"हे काय विचारलंत मध्येच?" ती बाहेर पुटपुटली.

"सहज," वकीलबाई म्हणाली. पण तिचा चेहरा सहज म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

दुसरा संशय नंबरताईला बोलून दाखवायचीही लाज वाटत होती. तिची धाकटी बहीण बस स्थानकावर घोषणा करायची. आवाज हाच तिचा धंदा. आणि गेल्या वर्षी कळलं होतं की धाकटीने फोटोवाल्याला लपून पैसे दिले होते. त्यावरून दोघींत जे वाजलं ते अजून मिटलं नव्हतं.

घोषणेच्या काचेच्या खोलीत धाकटी बहिणीला बघून उभी राहिली. सगळं ऐकल्यावर तिचे डोळे भरले. "ताई, मी मूर्ख असेन. त्याच्या गोड बोलण्यात आले, खरंय. पण तुझ्या नावावर? तुला वाटलं तरी कसं?"

"मला काही वाटत नाहीये," नंबरताई म्हणाली. "मला काही वाटायचंच बंद झालंय."

"शनिवारी तुमची ड्यूटी?" वकीलबाईने विचारलं.

"शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत माइक माझ्याच गळ्यात. सुट्टीची गर्दी असते. स्थानकावरच्या कुणालाही विचारा."

"आणि ताईंचं लग्न कधी झालं?"

धाकटी त्या तशा रडव्या तोंडानेही हसली. "कुठली तारीख हवी? खरी की घरातली?"

"धाकटे!" नंबरताई ओरडली.

"वकिलापासून काय लपवायचं, ताई? अहो, लग्न केलं जूनमध्ये. साक्षीदार म्हणून मी होते, आणि त्याचा एक मित्र. तेव्हा बिट्टी पोटात होती. मग आईला काय सांगायचं, लोकांना काय सांगायचं? म्हणून फेब्रुवारीतच गुपचूप केलं होतं, असं ठोकून दिलं. दर वर्षी फेब्रुवारीत केक. मी मात्र जूनमध्येच फोन करायची, हिला चिडवायला." तिने नाक पुसलं. "त्या केकच्या दिवशी बिट्टी काय धमाल करायची! आईची नक्कल, बापाची नक्कल, माझी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'. हसून हसून पोट दुखायचं. हल्ली करत नाही. मागे दोनदा म्हटलं, कर ना गं, तर उठून गेली."

बाहेर एक बस सुटण्याची वेळ झाली. धाकटी माइककडे वळली आणि तिचा तो दुसरा, गुळगुळीत आवाज स्थानकभर पसरला.

नंबरताईने वकीलबाईकडे पाहिलं. वकीलबाई कानातलं यंत्र काढून पुसत होती. जरुरीपेक्षा फार जास्त वेळ पुसत होती.

४

"बसा," वकीलबाई म्हणाली. तिच्या खोलीत दोन खुर्च्या आणि खूप फायली होत्या. "आणि मी सांगते ते पूर्ण होईपर्यंत उठू नका."

नंबरताई बसली. हात मांडीवर, एकात एक घट्ट.

"कंपनीच्या मुलीने सगळे ठरलेले प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं फोटोवाल्याने पढवलेली असणार. पण लग्नाची तारीख ठरलेल्या प्रश्नांत नाही. मी साहेबाला फोन करून खात्री केली. ती मुलगी आपली गप्पांच्या ओघात विचारून गेली. म्हणजे हे उत्तर पढवलेलं नाही. ते बोलणारीच्या स्वतःच्या मनातून आलं, आणि लगेच आलं. 'थांबा हं' नाही, 'काय सांगू बाई' नाही. अकरा फेब्रुवारी. नक्कल करणारी तेवढ्यापुरती नक्कल विसरली, कारण तिला ते आठवावं लागलंच नाही."

"मला तेव्हा काही खटकलंच नाही," नंबरताई हळूच म्हणाली. "इतकी वर्षं सांगत आलेय, मलासुद्धा तीच खरी वाटते."

"तेच तर. तुमचे घटस्फोटाचे कागद चाळताना मला जून दिसला म्हणून मी अडखळले. आता बघा. पार्लरवाली. तिला फक्त जून ठाऊक आहे. शिवाय ती तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा भेटली. तुमची नक्कल ती कुठून करणार? तुमची बहीण. तिला दोन्ही तारखा ठाऊक, पण शनिवारी दिवसभर ती शेकडो लोकांच्या कानात होती. आता राहिलं असं माणूस, ज्याला फक्त फेब्रुवारी ठाऊक आहे. त्या केकभोवती जे लहानाचं मोठं झालं. ज्याला तुमचा श्वाससुद्धा पाठ आहे. आणि जे शनिवारी दुपारी…"

नंबरताई उठली. खुर्ची मागे पडली.

"केस मागे घ्या."

"ताई…"

"मला नाही लढायचं. कापू दे पगार. जन्मभर कापू दे."

"मी नाव घेतलेलं नाही अजून."

"नका घेऊ!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. मग आवाज एकदम खाली गेला. "पाया पडते तुमच्या, बाई. नका घेऊ."

वकीलबाईने खुर्ची उचलून सरळ केली. मग म्हणाली, "तेव्हा वय काय होतं तिचं?"

"सोळा."

"मग कायदा तिच्यावर फार डोळे वटारणार नाही. वटारेल तो बापावर. पण तिने स्वतः येऊन सांगावं लागेल. त्याच्या तोंडावर." ती थांबली. "आणि तुम्हाला तिला खरी तारीख सांगावी लागेल. तो एक भाग मी नाही करू शकत."

५

बिट्टी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. जप्ती सुरू झाल्याच्या आठवड्यात तिने संध्याकाळचं एका औषधाच्या दुकानात काम धरलं होतं. नंबरताईला त्याचा अभिमान वाटला होता. घरात साबण संपायच्या आत साबण यायचा, तेल संपायच्या आत तेल. "राहू दे गं आई, मी आणलंय," एवढंच म्हणायची. फोन तर ती कुणाचा उचलतच नसे, नुसते मेसेज पाठवी. हल्लीच्या मुलांचं असंच असतं, असं नंबरताईने मनाचं समाधान करून घेतलं होतं.

रविवारी सकाळी बिट्टी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नंबरताई बादलीतून एकेक कपडा पिळून तिच्या हातात देत होती.

"बिट्टे, तुला एक सांगायचंय. माझ्याबद्दल आहे. रागावू नकोस."

"काय गं?"

"आमचं लग्न फेब्रुवारीत नाही झालं. जूनमध्ये झालं."

बिट्टीने दोरीवर चादर टाकली. तिचा वाढदिवस नोव्हेंबरात. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला बोटं मोजावी लागली नाहीत. चादरीच्या कडा सारख्या करत ती म्हणाली, "म्हणजे मी होणार होते म्हणून तुम्ही लग्न केलंत."

"हो."

"माझ्यामुळे तू सोळा वर्षं…"

"हो. तुझ्यामुळे केलं. आणि त्या लग्नात तेवढं एकच बरं झालं."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग तिचे चादरीवरचे हात हळूहळू थांबले. हे आत्ताच का सांगितलं, आज का सांगितलं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आला, आणि त्याच्यामागून उत्तरही आलं. तिने आईकडे न बघताच विचारलं:

"तुला कळलं?"

नंबरताईने नुसती मान हलवली. ओला टॉवेल तिच्या हातात तसाच होता.

"बाबा म्हणाला, नुसता नियम असतो. नाव लागतं फक्त. म्हणाला, स्टुडिओ बुडाला तर मला गाव सोडून जावं लागेल, मग आपले शनिवार बंद." बिट्टी घाईघाईने बोलत होती, जणू थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही. "म्हणाला, तू आईची केवढी भारी नक्कल करतेस, एकदा करून दाखव. नंतर आपणच तिला सांगू, ती हसेल. मी फोन ठेवला आणि तो पोट धरून हसला, आई. मीपण हसले. मला वाटलं, मी काहीतरी वाचवलं."

"आणि मग?"

"मग दोन महिन्यांत स्टुडिओला कुलूप लागलं. शनिवारी गेले तर म्हणायचा, काम आहे. मग फोनच उचलेना." तिने मनगटाने डोळे पुसले. "शनिवार तसेही बंदच झाले."

नंबरताईने तिला जवळ ओढलं. लेक तिच्यापेक्षा उंच झाली होती, त्यामुळे तिला वाकावं लागलं.

"आपण फेडू," आई म्हणाली. "हळूहळू फेडू. कुणाला काही कळायला नको."

"नाही." बिट्टीचा आवाज आईच्या खांद्यात दबलेला होता. "रोज रात्री तू दिव्याखाली डोळ्यांत थेंब घालतेस ना, तेव्हा मी झोपलेली नसते. मी येणार आहे कोर्टात. तू नको म्हणालीस तरी येणार."

"त्याच्यासमोर बोलावं लागेल."

"माहितीये."

"अजून जीव आहे तुझा त्याच्यावर."

बिट्टीने आईच्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला.

६

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. वर पंखा, खाली लाकडी बाकं. एका बाजूला कंपनीचा वकील आणि तो साहेब. मागच्या बाकावर फोटोवाला, इस्त्रीच्या शर्टात. बिट्टी आत आली तेव्हा तिला बघून त्याने हात उंचावला, आणि ती कुठल्या बाजूला जाऊन बसतेय ते बघून तो हात तसाच केसांवरून फिरवला.

बिट्टीने उभं राहून सगळं सांगितलं. आवाज लहान होता, पण तुटला नाही.

कंपनीचा वकील तयारीचा होता. "साहेब, आईचा पगार वाचवायला मुलगी काय वाटेल ते सांगेल. हा आवाज बाईंचाच आहे. कंपनीने ऐकला, कारखान्यातल्या लोकांनी ऐकला. खुद्द बाईंनीही जबाबात 'माझ्यासारखा आहे' म्हणून कबूल केलंय. ही पोर आत्ता बोलतेय तो आवाज ऐकलात ना आपण? कुठे हा आणि कुठे तो!"

न्यायाधीशांनी फोटोवाल्याला विचारलं. तो उभा राहिला. "मुलगी भोळी आहे, साहेब. तिच्या आईने पढवलंय तिला."

वकीलबाईने तोंड उघडलं, पण त्याआधीच बिट्टी म्हणाली, "मी बोलून दाखवू?"

"दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

नंबरताईला वाटलं, धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवावा.

बिट्टीने डोळे मिटले. खांदे जरा पुढे आले, मान किंचित कलली. दिवसभर भिंगं बघून नंबरताईची मान अशीच कलते, आणि हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"थांबा हं, जरा दार लावते. हं, बोला. काय सांगू बाई, दिवसभर भिंगं बघून डोळ्यांचं नुसतं पाणी होतं…"

कोर्टाच्या कारकुनाचं लिहिणं थांबलं. एरवी याच बोलण्यावर घरात माणसं हसून लोटपोट व्हायची. बिट्टी शेवटपर्यंत बोलली. "हो. तयार आहे की. घरचंच माणूस…" आणि तिथे तो आवाज फाटला, आणि फाटलेल्या आवाजातून तिचा स्वतःचा बाहेर आला. "सॉरी आई," ती म्हणाली. "सॉरी."

फोटोवाला खाली बसला होता. बुटांकडे बघत होता.

हुकूम तासाभरात झाला. होकार खोटा, म्हणून जामीन रद्द. पगारकपात बंद, कापलेलं परत. वसुली ज्याचं कर्ज त्याच्याकडून, आणि कंपनीला फसवल्याबद्दल त्याची वेगळी चौकशी. मुलगी तेव्हा अजाण होती, बापाच्या सांगण्यावरून बोलली, तिच्यावर काही नको. वकीलबाईने फाईल मिटली आणि नंबरताईचा हात दाबला. 

बाहेरच्या जिन्यापाशी फोटोवाला उभा होता. त्याला त्यांच्यासमोरूनच जावं लागणार होतं. तो बिट्टीपाशी थांबला. ते हसू आणायला गेला, पण ते पुरतं आलं नाही.

"मी फेडणार होतो गं," तो म्हणाला. "थोडा वेळ दिला असता ना मला, तर सगळं फेडलं असतं मी."

आणि जिना उतरून गेला. त्याची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मग दाराचा आवाज.

बिट्टी कठडा धरून उभी होती. ती वळली, आणि लहानपणी आजारी असताना विचारायची तसं, उत्तर चांगलंच असेल अशा भरवशाने तिने विचारलं:

"आई, खरंच फेडलं असतं त्याने?"

या माणसाची सोळा वर्षांतली एकूण एक वचनं नंबरताईला पाठ होती. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, बिट्टीची सहल, नंबरताईच्या आईचं औषध. एकही त्याने पाळलं नव्हतं. वकीलबाई दोन पावलांवर उभी होती, चांगला कान त्यांच्याकडे करून.

"हो गं," नंबरताई म्हणाली. "फेडलं असतं त्याने. जरा वेळ लागला असता, एवढंच."

वकीलबाईने तोंड फिरवलं.

बिट्टी आईकडे बघत राहिली. त्या आवाजातला कुठला शब्द खरा आणि कुठला नाही, हे जगात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडायला लागली. नंबरताई तिच्या शेजारी बसली. वरून खाली जाणारी माणसं त्यांना वळसा घालून, भिंतीला चिकटून उतरत राहिली.